सुरक्षित रस्त्यासाठी पहिली मागणी कोणती करावी?

पाऊलखुणा
नमस्कार मंडळी. आमच्या भागातले रोज चालत जाणारे, सायकलने कामावर जाणारे आणि शाळकरी मुलांचे पालक असे काही जण अलीकडे एकत्र येऊ लागलो आहोत. रस्ता सुरक्षित व्हायला हवा यावर एकमत आहे. सुरुवात कुठून करायची यावर मात्र दर बैठकीत खडाजंगी होते. काहींना आधी जनजागृती करायची आहे: रॅली, पथनाट्य, चित्रकला स्पर्धा. काहींना थेट अख्ख्या भागासाठी सायकल मार्गांचं जाळं मागायचं आहे.

माझं मत तिसरंच आहे. जिथे रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो अशी एकच जागा निवडावी आणि तिथल्या रस्त्याचा आकार बदलून मागावा. आमच्या शाळेजवळच्या चौकात वळणाचा कोपरा इतका ऐसपैस गोल आहे की गाड्या वेग न उतरवता वळतात. झेब्रा पट्टे वळण संपतं तिथेच, आणि कोपऱ्यावर कायम गाड्या लावलेल्या. पट्ट्यावर पाय ठेवेपर्यंत मुलाला येणारी गाडी दिसत नाही, चालकाला मूल दिसत नाही. तिथे कितीही फलक लावा, कोपरा तसाच राहणार.

तुमच्यापैकी कुणी असं काम केलं असेल तर सांगा. काय मागितलंत, कसं मागितलंत, पदरात काय पडलं?

घंटी
वाचनखूण साठवली. आमच्याकडेही अगदी हाच वाद चालू आहे.

मुक्तछंद
रॅलीला एवढं मोडीत काढू नका हो. कोलंबियातल्या बोगोटा शहरात डिसेंबर १९७४ मध्ये सायकलवाल्यांनी एका दिवसासाठी रस्ते ताब्यात घेतले होते. आज तिथे दर रविवारी आणि सुट्टीला सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत १२० किलोमीटरहून जास्त रस्ते मोटारींना बंद असतात. लोक चालतात, धावतात, पोरांना सायकल शिकवतात. मोकळा रस्ता अनुभवलाच नाही तर माणूस तो मागणार तरी कसा?

दोनचाकी
@मुक्तछंद, बोगोटाचं पटलं. पण त्या लोकांनी रस्ता मागितला होता, 'जपून चालवा' अशी विनवणी केली नव्हती. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

नेदरलँड्सचं उदाहरण बघा. लोकांना वाटतं डच माणूस जन्मतःच सायकलवर बसलेला असतो. तसं नाही. पन्नास-साठच्या दशकांत तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद होत होते आणि सायकली कमी होत होत्या. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं गेली. त्यात ४०० हून जास्त लहान मुलं होती. व्हिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ मध्ये त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलेल्या लेखाचं शीर्षक होतं 'मुलांची हत्या थांबवा', आणि तेच पुढे चळवळीचं नाव झालं. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, गल्ल्या अडवून तिथे खेळ मांडले. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं, मोटारबंद रविवार पाळावे लागले आणि सरकारलाही ऐकावं लागलं. आज तिथे वर्षाला साडेसहाशे ते साडेसातशे मृत्यू होतात. वाहनं तेव्हापेक्षा कितीतरी जास्त असूनही!

त्या आईबापांनी चालकांना उपदेश केला नाही. त्यांनी सरकारला गल्ल्या बदलायला लावल्या. म्हणून पाऊलखुणा यांच्या बाजूने माझं मत.

चारचाकीवाला
थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. मी रोज गाडी चालवतो. कानात हेडफोन, नजर मोबाइलमध्ये आणि पाय रस्त्यात, अशी माणसं रोज दिसतात. सायकलवाले लाल सिग्नलला थांबत नाहीत, रात्री दिवा नसतो. पन्नास पावलांवर पट्टे असताना मधूनच रस्ता ओलांडतात. आधी शिस्त लावा, मग रस्ते बदला. सगळा दोष गाडीवाल्याच्या माथी मारणं मला मान्य नाही.

घंटी
दिव्याच्या मुद्द्याला अनुमोदन. पुढे पांढरा, मागे लाल. सबब नको.

रेषाबद्ध
माझं काम रस्ते आखण्याचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

@चारचाकीवाला, माणूस चुकतो हे तुमचं म्हणणं खरंच आहे. चालणारा चुकतो, चालकही चुकतो. प्रश्न असा, की चुकीची शिक्षा मृत्यूच का असावी? स्वीडनच्या संसदेने १९९७ साली 'व्हिजन झीरो' धोरण स्वीकारलं, त्याचा पायाच हा आहे: माणसं चुकणार हे धरूनच रस्ता असा बांधायचा, की ती चूक जिवावर बेतू नये.

आता वेगाचं गणित. समोर मूल दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद धरा. ताशी ३० किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी साधारण ८ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. एकूण १३ मीटर. ताशी ५० वेगात त्या एका सेकंदातच गाडी १४ मीटर गेलेली असते. म्हणजे ३० वेगाची गाडी जिथे उभी राहिली, तिथून ५० वाली अजून ब्रेक न लागता पूर्ण वेगात जाते आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ५० च्या धडकेत ती ३० च्या जवळजवळ पावणेतीन पट असते. चालक तोच, मूल तेच, चूकही तीच. घरी परत येणं मात्र वेगावर ठरतं.

आणि वेग फलकाने उतरत नाही, रस्त्याच्या आकाराने उतरतो. पाऊलखुणा, तुमच्या चौकासाठी मी तीन गोष्टी मागितल्या असत्या. पहिली, कोपऱ्याची त्रिज्या कमी करून फुटपाथ पुढे आणणं. त्याने गाडीला वळताना वेग उतरवावाच लागतो, ओलांडायचं अंतर कमी होतं आणि कोपऱ्यावर गाडी लावायला जागाच उरत नाही. दुसरी, पट्टे फुटपाथच्या उंचीवर उचलून घेणं. मग गाडी चढून उतरते आणि माणूस सपाट चालतो. तिसरी, रस्ता रुंद असेल तर मध्ये थांबायला बेट, म्हणजे एका वेळी एकाच बाजूची वाहनं बघावी लागतात. उचललेल्या पट्ट्यांच्या कडेने पावसाचं पाणी कुठून जाणार हे आधीच विचारा. ते विसरलं तर पहिल्या पावसात तळं होतं आणि 'बघा, म्हणून आम्ही नको म्हणत होतो' असं ऐकावं लागतं.

चारचाकीवाला
गणित पटलं. पण वेल्सचं काय झालं? सप्टेंबर २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर सरसकट ताशी २० मैल, म्हणजे साधारण ३२ किलोमीटर, अशी मर्यादा घातली. विरोधी निवेदनावर साडेचार लाखांहून जास्त सह्या झाल्या! लोकांना विश्वासात न घेता केलेलं टिकत नाही.

रेषाबद्ध
सह्यांचं खरं आहे, आणि त्यानंतर काही रस्ते पुन्हा ३० मैलांवर नेले गेले. पण मर्यादा मूळ धरून आहे आणि त्या रस्त्यांवरच्या जखमींची संख्या उतरली. लोकांना विश्वासात घ्यावं हा तुमचा मुद्दा मी वहीत लिहून ठेवावा असाच आहे. म्हणून तर एका चौकापासून सुरुवात केलेली बरी.

संथ_पाऊल
तुम्ही सगळे शाळेचं बोलताय, आम्हा म्हाताऱ्यांचंही थोडं ऐका. माझं वय सत्तरीपुढे आहे, गुडघे दुखतात. आमच्या चौकातला हिरवा माणूस मी निम्म्या रस्त्यात असतानाच लुकलुकायला लागतो. मग मी दुभाजकाला धरून उभी राहते, पुढून बस आणि मागून ट्रक. पदर वाऱ्याने उडतो आणि छातीत धडधड होते. परवा नातवाला फोनवर वेळ मोजायला लावली, तेव्हा त्याला कळलं आजी बाजारात एकटी का जात नाही.

त्यानेच शोधून सांगितलं, की सिग्नलची वेळ ठरवताना बऱ्याच ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. १४ मीटरचा रस्ता म्हणजे १२ सेकंद. माझ्यासारखी बाई ०.८ मीटरने चालते, तिला साडेसतरा सेकंद लागतात. मधले साडेपाच सेकंद मी कुठून आणायचे? सिग्नलची वेळ वाढवायला ना खोदकाम लागतं ना सिमेंट. माझी पहिली मागणी हीच.

फेरफटका
@संथ_पाऊल काकू, हा या धाग्यावरचा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. याला जोडून आणखी एक मागा: वाहनांना हिरवा मिळायच्या आधी ३ ते ७ सेकंद फक्त पादचाऱ्यांना सोडायचं. वळणारी गाडी येईपर्यंत माणूस पट्ट्यांच्या मधोमध, चालकाच्या थेट नजरेसमोर पोचलेला असतो. हेही सिग्नलच्या पेटीतच बदलतं.

पांढरी_काठी
मला दिसत नाही. फोन वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो, तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

सायकलवाल्यांच्या मागण्यांना माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. फुटपाथवर पट्टा रंगवून अर्धा सायकलींना द्यायचा आणि त्याला 'सायकल मार्ग' म्हणायचं, याला माझा साफ विरोध आहे. मला रंग दिसत नाही. सायकलचा आवाज येत नाही, आणि येतो तेव्हा ती अंगावर आलेली असते. मोटारीपासून वाचलेला माणूस सायकलखाली आला तर तुमची चळवळ माझी राहील का?

दुसरं, उठावाच्या फरशा. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. इतकी साधी भाषा आहे ती. मी रोज जातो त्या रस्त्यावर या फरशा आहेत. काठी त्या पट्ट्यांवरून सरकत जाते आणि एका विजेच्या पेटीवर आपटते. पट्ट्या पेटीच्या खाली शिरतात आणि पलीकडून बाहेर येतात. म्हणजे बसवणाऱ्याला पेटी दिसत होती. कामाची मोजणी फरशांवर झाली असणार, माणूस पोचतो की नाही यावर नाही.

दोनचाकी
@पांढरी_काठी, तुमची अट सायकलवाल्यांनी शब्दशः मान्य करायला हवी. सायकलसाठी जागा वाहनांच्या रस्त्यातून घ्यायची, फुटपाथमधून नाही. आणि दोन्हींमध्ये काठीला कळेल असा उंचीतला फरक ठेवायचा. फुटपाथ कापून सायकल मार्ग मिळत असेल तर तो घेऊच नये, कारण आपल्या बाजूची माणसं आपसांत भांडली की रुंद रस्ता आहे तसाच राहतो. आमच्या गटात हा ठराव मांडतोच.

गल्लाभरू
माझं रस्त्यालगत दुकान आहे. दारापुढचं पार्किंग काढलं तर गिऱ्हाईक तुटेल. तुमच्या सुरक्षिततेची किंमत मी का मोजू? वाईट वाटून घेऊ नका, पण ही भीती खरी आहे.

फेरफटका
@गल्लाभरू, भीती खरी आहे, पण एक करून बघा. आठवडाभर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारा, कसे आलात? आमच्याकडच्या दुकानदारांना आम्ही हेच सुचवलं. चालत आलेली माणसं त्यांच्या अंदाजापेक्षा खूपच जास्त निघाली, आणि दारातली गाडी बऱ्याचदा शेजारच्या दुकानदाराचीच असायची. सकाळी लावली की रात्रीच हलणार. माल उतरवायला मात्र जागा लागतेच. तेवढी आखून मागा, आम्ही त्यावर सही करू.

गल्लाभरू
शेजाऱ्याच्या गाडीचं बरोबर ओळखलंत. विचारून बघतो.

घंटी
थोडं अवांतर. लावलेल्या गाड्यांवरून आठवलं: दार उघडताना दाराच्या बाजूच्या नाही, पलीकडच्या हाताने उघडा. अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी सायकल दिसते. ब्रिटनने जानेवारी २०२२ पासून ही सूचना वाहतूक नियमावलीत घातली आहे. पैसा लागत नाही, आजपासून करता येतं.

चारचाकीवाला
हे मी आजपासून करतो, आणि पोरांनाही शिकवतो. आता हेल्मेटबद्दलही कुणी लिहा ना.

दोनचाकी
घालावं, मी घालतो. पण सायकलचं हेल्मेट ताशी २० किलोमीटरच्या आसपासच्या आदळण्याला तपासलेलं असतं. सायकलवरून पडलात तर ते डोकं वाचवेल. ट्रकपासून वाचायला वेगळी वाट लागते. हेल्मेटचा वाद सुरू झाला की धागा तिथेच अडकतो, म्हणून इथेच थांबतो.

मुक्तछंद
सगळे अपघातांवर बोलताहेत. अपघात न होताही रस्ता बरंच काही हिरावून घेतो, त्याचं काय? डोनाल्ड ॲपलयार्ड या अभ्यासकाने सान फ्रान्सिस्कोत एकमेकींसारख्याच तीन गल्ल्या निवडल्या. फरक फक्त रहदारीचा: दिवसाला सुमारे २,०००, ८,००० आणि १६,००० वाहनं. कमी रहदारीच्या गल्लीत माणसाला सरासरी ३ मित्र होते, सगळ्यात जास्त रहदारीच्या गल्लीत एकही पूर्ण नाही, ०.९. लोकांनी 'आपली जागा' म्हणून नकाशावर जी रेघ काढली, ती शांत गल्लीत रस्ता ओलांडून पलीकडे गेली आणि वर्दळीच्या गल्लीत घराच्या भिंतींशी थांबली. हे सांगणारा माणूस १९८२ मध्ये अथेन्समध्ये भरधाव मोटारीखाली गेला.

निवेदनात हेही लिहा. मुलं बाहेर खेळत नाहीत, म्हातारी माणसं एकटी पडतात, ते सगळं काही मोबाइलमुळे नाही.

संथ_पाऊल
हे वाचून माझी समोरची मैत्रीण आठवली. रस्त्यापलीकडे राहते. आमचं बोलणं आता फोनवरच.

रेषाबद्ध
मूळ प्रश्नाकडे येतो. कसं मागायचं, हे पलीकडच्या टेबलावर बसून पाहिलं आहे, म्हणून सांगतो.

'रस्ता सुरक्षित करा' असं निवेदन आलं की त्यावर 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा पडतो आणि कागद पुढच्या टेबलावर जातो. योग्य ती म्हणजे कोणती, हे कुणीच ठरवत नाही. पण 'अमुक चौकाच्या अमुक कोपऱ्यावर फुटपाथ दोन मीटर पुढे घ्या, सोबत मोजमापांसह नकाशा' असं आलं, तर हो किंवा नाही लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर कारण द्यावं लागतं, आणि कारणाशी वाद घालता येतो. निवेदन लेखी द्या, पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. पुढचं प्रत्येक पत्र त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन लिहा. आणि त्या रस्त्याची डागडुजी कधी ठरली आहे ते शोधा. डांबर उखडणारच असतं, तेव्हा कोपरा बदलणं फार स्वस्तात होतं. ती संधी गेली की बरीच वर्षं थांबावं लागतं.

'अपघात झाल्याची नोंद दाखवा' असं म्हणतील. त्यावर म्हणा, मृत्यूची वाट बघायची नाही म्हणूनच आलो आहोत. आणि चौकात उभं राहून जे मोजलंय ते पुढे ठेवा: किती जण ओलांडतात, किती जणांना मध्येच थांबावं लागतं, किती गाड्या पट्ट्यांवर थांबतात.

फेरफटका
आणि आधी तात्पुरतं करून बघायला सांगा. न्यूयॉर्कने २००९ मध्ये टाइम्स स्क्वेअरचा काही भाग मोटारींना बंद केला तेव्हा सुरुवातीला रंग, पिंपं आणि बागेतल्या घडीच्या खुर्च्या होत्या. लोक येऊन बसले, पक्कं बांधकाम नंतर झालं. रंग आणि खांबांनी कोपरा आखला तर विरोध करणाऱ्यालाही 'आवडलं नाही तर काढू' म्हणता येतं. चारचाकीवाले दादांचा विश्वासात घेण्याचा मुद्दा यातच येतो.

चारचाकीवाला
रंग आणि खांब लावून बघायला माझी हरकत नाही. उलट कोपऱ्यावर गाडी लावणारे मलाही नकोत, वळताना पलीकडचं काहीच दिसत नाही. तुमच्या निवेदनावर गाडीवाल्यांच्याही सह्या घ्या. वजन पडेल.

पांढरी_काठी
तात्पुरते खांब लावाल तेव्हा माझ्यासारख्या कुणाला तरी सोबत घेऊन जा. खांबाची जागा वीतभर चुकली तर तो नेमका उठावाच्या फरशीवर येतो.

पाऊलखुणा
सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. बराच वाद झाला आणि शेवटी हे ठरलं: शाळेचा चौक, दोन मागण्या. सिग्नलची वेळ सेकंदाला ०.८ मीटरच्या हिशेबाने, आणि कोपरा पुढे, आधी रंग आणि खांबांनी. सायकल मार्गाची मागणी सोडलेली नाही. पण ती फुटपाथ न कापता, हे पहिल्याच ओळीत लिहिणार. रॅलीवाले रॅली काढणारच आहेत, ती आता त्याच चौकात संपेल आणि तिथेच सह्या घेऊ.

एक अडलंय. गाड्यांचा वेग कसा मोजायचा? आमच्याकडे यंत्र नाही.

रेषाबद्ध
यंत्र लागत नाही. रस्त्याकडेच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा, ५० मीटर घेतलं तर हिशेब सोपा. फोनवर व्हिडिओ घ्या आणि गाडी पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत गेली ते बघा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद म्हणजे ३०, चारपेक्षा कमी म्हणजे ४५ च्या वर. कोरड्या दिवशी घ्या, शाळा भरताना एकदा आणि दुपारी रस्ता मोकळा असताना एकदा. वेग दुपारीच कळतो. आणि हे सगळं खांब लागायच्या आधी करा. आधीचे आकडे नसतील तर नंतर फरक पडला हे कुणाला दाखवता येत नाही.

घंटी
व्हिडिओ बघून आकडे भरायला मी तयार आहे. फाइल पाठवा.